घरच्या सांदवाडीत दहा मीटर एअर रायफलचा सराव: आवाज, आडोसा आणि मागच्या घरातील आजी

सांदवाडीकर

नमस्कार. नागपूरच्या बेसा भागातील एका ले-आऊटमध्ये तीस बाय पन्नास फुटांच्या भूखंडावर आमचे घर आहे. मुलगी पंधरा वर्षांची असून गेल्या वर्षापासून ती दहा मीटर एअर रायफल शिकते. सराववर्ग घरापासून चौदा किलोमीटरवर आहे आणि जाण्यायेण्यातच दोन तास मोडतात, म्हणून आठवड्यातील तीन दिवस घरीच सराव करावा असे आम्ही ठरवले. घराच्या एका अंगाला पाच फूट रुंदीची सांदवाडी, म्हणजे घर आणि कंपाउंडमधली मोकळी पट्टी, आहे आणि ती फाटकापासून मागच्या वॉल कंपाउंडपर्यंत सरळ जाते. फाटकाच्या बाजूला उभे राहून मागच्या भिंतीकडे नेम धरायचा, अशी रचना केली आहे. छर्रे झेलायला तिरप्या लोखंडी पत्र्याची पेटी बनवून घेतली आणि ती चार अँकर बोल्टांनी त्या भिंतीवरच बसवली. बंदूक भारतीय बनावटीची, नळी बिजागरीवर वाकवून, म्हणजे 'मोडून', भरायची, साधी स्प्रिंगची आहे.

चौथ्याच दिवशी मागच्या घरातील आजींनी भिंतीवरून डोकावून विचारले की, रोज सकाळी तुमच्याकडे खिळे कोण ठोकते. त्या रागावल्या नव्हत्या, पण पुढच्या वेळी रागावतील. सराववर्गात मुले हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल वापरतात. तशी घेतली तर आवाज कमी होईल का, की दुसरा काही उपाय आहे? लाखभर रुपये घालण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

निवृत्त फिटर

रायफल बदलू नका. आजींच्या प्रश्नातच तुमचे उत्तर आहे. त्यांनी फटाके कोण उडवते असे विचारले नाही, खिळे कोण ठोकते असे विचारले. म्हणजे त्यांना ऐकू येतो तो बंदुकीचा आवाज नव्हे, छर्रा पत्र्यावर आदळल्याचा आवाज आहे.

अशा सरावात आवाज तीन जागी निर्माण होतो. पहिला बंदुकीच्या आत, जिथे स्प्रिंग सुटते आणि दट्ट्या पुढे जाऊन थांबतो. दुसरा नळीच्या तोंडाशी, जिथून छर्र्यामागची दाबलेली हवा बाहेर पडते. तिसरा लक्ष्यापाशी. बंदूक खांद्याला लावलेल्या माणसाला हे तीन आवाज वेगळे कळत नाहीत, कारण छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने गेला तर दहा मीटर जायला ०.०६ सेकंद लागतात आणि आदळल्याचा आवाज परत यायला आणखी ०.०३ सेकंद. एवढ्या अंतराने आलेले दोन आवाज कानात एकमेकांत मिसळतात आणि सगळा दोष बंदुकीवर जातो. मागच्या घरात मात्र उलटे घडते. तिथून तुमची बंदूक दहा मीटर दूर आहे आणि पेटी भिंतीला चिकटलेली आहे. अँकर बोल्टांनी तुम्ही त्या भिंतीचा ढोल केला आहे, आणि त्या बाजूला बहुधा आजींचे स्वयंपाकघर असावे.

उद्या एक प्रयोग करा. पेटी भिंतीवरून काढा, तिच्या जागी जुन्या वर्तमानपत्रांचे घट्ट बांधलेले, फूटभर जाडीचे गठ्ठे मांडा, त्यांवर पाच छर्रे मारा आणि त्या वेळी घरातील कोणालातरी आजींच्या अंगणात उभे करा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

दहा पूर्णांक नऊ

फिटरसाहेबांचे म्हणणे मान्य आहे. तरीही आवाजाचा विचार करण्यापूर्वी मला एक प्रश्न विचारायचा आहे. ते वॉल कंपाउंड किती उंच आहे?

दहा मीटरच्या स्पर्धेत लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असतो आणि त्यात पाच सेंटिमीटरांचीच सूट असते. आपल्याकडील ले-आऊटमध्ये मागची भिंत साधारण पाच फुटांची, म्हणजे १.५२ मीटर असते. याचा अर्थ, नेमाच्या ठिकाणाच्या वर केवळ १२ सेंटिमीटर भिंत शिल्लक राहते. दहा मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर. तुमच्या मुलीचा हात पाऊण अंशाने वर गेला, तिला शिंक आली किंवा चाप वेळेआधी दाबला गेला, तर छर्रा भिंतीवरून पलीकडे जाईल. तिथे आजी वाळवण घालत असतील.

असे कधी होणार नाही, असे प्रत्येक पालक म्हणतो. मी गेली अनेक वर्षे नवशिक्या मुलांना शिकवतो. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकाच्या हातून एकदा तरी चाप अवेळी सुटतो. एअर रायफलचा छर्रा चुकून वर गेला तर काहीशे मीटर जाऊ शकतो, आणि जवळच्या अंतरावर डोळा निकामी करण्याइतकी शक्ती त्यात असतेच.

सांदवाडीकर

भिंत मोजली. चार फूट दहा इंच आहे. खरे सांगायचे तर हे वाचल्यावर बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावले आहे. वर्तमानपत्रांचा प्रयोग मात्र काल केला होता आणि पत्नी आजींकडे जाऊन बसली होती. पाचपैकी एकच आवाज आला, तोही "शेजारी कुणी पुस्तक मिटल्यासारखा" असे ती म्हणाली.

लोहाओळी

भिंत उंच करण्याच्या फंदात पडू नका. सामाईक भिंतीवर बांधकाम म्हणजे नवी कटकट. भिंतीपासून दोन फूट अलीकडे, स्वतःच्या हद्दीत लोखंडी अँगलची चौकट उभी करा आणि तिला आठ बाय चारच्या एकोणीस मिलिमीटर प्लायचे दोन थर लावा. मागे दोन मिलिमीटरचा पत्रा दिलात तर निर्धास्त राहाल; तेवढ्या पत्र्याचे वजन जवळपास ४७ किलो भरते, म्हणून चौकटीचे पाय जमिनीत पक्के हवेत. जागेची अडचण नाही. पन्नास फूट म्हणजे सव्वापंधरा मीटर; त्यातून दोन फूट, पेटीची खोली आणि दहा मीटर वजा केले तरी उभे राहायला पुरेशी जागा उरते.

हा झाला मागचा आडोसा. पुढे, बंदुकीच्या तोंडापासून दोन मीटरवर, तशीच दुसरी चौकट उभी करून तिच्या प्लायला फूटभर रुंद आणि फूटभर उंच झरोका कापा. नेम त्या झरोक्यातूनच धरायचा. हात वर गेला तर छर्रा झरोक्याबाहेरच्या प्लायमध्ये रुतेल, आभाळात जाणार नाही. बंदिस्त नसलेल्या रेंजवर आडव्या फळ्या टांगलेल्या असतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

निवृत्त फिटर

कल्पना उत्तम आहे, पण मापे चुकली आहेत. कागदावर रेघ ओढून पाहू.

फूटभर झरोका म्हणजे मध्यापासून वर १५ सेंटिमीटर. झरोक्याचा मध्य १.४० मीटरवर धरला तर त्याची वरची कड १.५५ मीटरवर येते. आता मुलीने बंदूक जरा खाली धरली आणि नळीचे तोंड १.३० मीटरवर आले, असे समजा. तिथून वरच्या कडेला घासून जाणारी रेघ दोन मीटरांत २५ सेंटिमीटर चढते, म्हणजे दहा मीटरांत १२५ सेंटिमीटर, आणि मागच्या आडोशापाशी ती २.५५ मीटर उंचीवर पोचते. तुमचे प्लाय आठ फुटांचे, म्हणजे २.४४ मीटरचे आहे. छर्रा त्यावरून जाईल.

तीच चौकट तीन मीटरवर सरकवा. चढ तेवढाच, पण तो तीन मीटरांत. म्हणून दहा मीटरांत ८३ सेंटिमीटर, आणि रेघ २.१३ मीटरवर संपते. एक फूट राखून आडोसा पुरतो.

रुंदीचा हिशेब आणखी नाजूक आहे, कारण आडोसा चारच फूट रुंद असून मध्यापासून प्रत्येक बाजूला ६१ सेंटिमीटर आहे. झरोका फूटभर रुंद ठेवला आणि उभे राहण्यात दहा सेंटिमीटरांचा फरक पडला, तर छर्रा मध्यापासून ७३ सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे आडोशाच्या कडेबाहेर, सांदवाडीच्या बाजूच्या भिंतीवर. तोही अतिशय तिरपा. सिमेंटच्या भिंतीवर तिरपा लागलेला छर्रा थांबत नाही, भिंत घासत पुढे निघून जातो. म्हणून झरोका रुंदीला वीस सेंटिमीटरच ठेवा. मग सर्वांत वाईट रेघ ५७ सेंटिमीटरवर, म्हणजे प्लायच्या आतच राहते. उंची तीस सेंटिमीटर चालेल.

पुढच्या चौकटीच्या प्लायलाही दोन थर हवेत आणि नेमबाजाकडील अंगावर जाड रबरी मॅट किंवा गोधडी ठोका. लाकडावर समोरून बसलेला छर्रा कधी कधी उलटून येतो.

महालातला जुना

ही शेवटची ओळ गांभीर्याने घ्यावी. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात अशीच एक छर्र्याची बंदूक होती आणि दुपारी मोठी माणसे झोपली की आम्ही भावंडे विहिरीजवळच्या जुन्या बाभळीच्या बुंध्यावर खडूने गोल काढून नेम धरत असू. बाभळीचे वाळलेले लाकूड किती कठीण असते ते विदर्भात वेगळे सांगायला नको. एक छर्रा उलटून माझ्या गालावर, डोळ्याखाली दोन बोटांवर लागला. खूण अजून आहे. त्या दिवशी बाबांनी बंदूक माळ्यावर टाकली ती कायमची. गोळी सरळ जाते एवढेच आम्हाला ठाऊक होते. ती परत येते हे कोणी सांगितले नव्हते.

दहा पूर्णांक नऊ

म्हणूनच चष्मा. पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा नेमबाजाला हवा आणि शेजारी उभ्या असलेल्या पालकालाही. साधा नंबरचा चष्मा पुरत नाही. छर्रा शिशाचाच घ्यावा, कारण शिसे मऊ असते आणि आदळल्यावर चपटे होते. स्वस्तात मिळणारे पोलादी गोल मणी घरच्या सरावात अजिबात नकोत. कठीण वस्तूवरून ते बऱ्याच वेगाने उलटतात. कागदी लक्ष्यासाठी सपाट तोंडाचा छर्रा उत्तम, त्याने कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. एअर रायफलच्या लक्ष्याचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटरचे आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. फाटक्या भोकावरून तिथे काय ठरणार?

कामठी रोड

मी नवखा आहे. दुकानदार सेकंदाला हजार फुटांची बंदूक दाखवतो आहे. जास्त वेग म्हणजे जास्त अचूक नव्हे का? परवाना लागत नाही, असेही तो म्हणतो.

कागदपत्रे

अचूकतेचे जाणकार सांगतील. कायद्याचे मी सांगते, कारण कामानिमित्त ते मला पाहावे लागते.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर गनला परवान्यातून सूट मिळण्यासाठी दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ०.१७७ इंच, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत. १९६२ च्या जुन्या नियमांत ऊर्जेऐवजी हलक्या लाकडाच्या एक इंच जाड फळीची परीक्षा होती. आता हिशेब सोपा आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा सुमारे ७ ज्यूल होते. तोच छर्रा हजार फुटांनी, म्हणजे ३०५ मीटरने सुटला तर ती २३ ज्यूलच्या वर जाते. जाहिरातीतला वेग बहुतेक वेळा फार हलक्या छर्र्याने मोजलेला असतो, त्यामुळे ती बंदूक प्रत्यक्षात मर्यादेत असेलही. पण "परवाना लागत नाही" हे दुकानदाराच्या तोंडून ऐकून भागत नाही. ऊर्जेचा आकडा बिलावर किंवा निर्मात्याच्या कागदावर लिहून घ्या, आणि बिल बंदुकीच्या पेटीतच ठेवा. खरेदी सज्ञान व्यक्तीच्या नावावर आणि ओळखपत्र दाखवूनच करावी.

परवाना लागत नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. निष्काळजीपणामुळे दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका पोचवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे आणि छर्रा भिंतीपलीकडे गेला तर बंदूक परवानामुक्त होती हा बचाव तिथे कामाचा नाही. आवाजाचे म्हणाल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. सहाच्या आत सुरुवात करू नये हे उघड आहे. बंदूक रस्त्याने नेताना बंद पेटीतच न्यावी. पोलिसांनी शस्त्रबंदीचा आदेश काढलेला असतो तेव्हा चौकात उभ्या असलेल्या शिपायाला तुमचे २० ज्यूल कळत नाहीत.

दहा पूर्णांक नऊ

कामठी रोड, अचूकतेचा आणि वेगाचा असा थेट संबंध नाही. दहा मीटरच्या स्पर्धेच्या रायफली सेकंदाला १७० ते १७५ मीटर एवढ्याच वेगाने छर्रा सोडतात, आणि २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता झाला तो याच प्रकारात. जोरकस स्प्रिंगची बंदूक हातात अधिक उसळते आणि नवशिक्याचा नेम बिघडवते.

वेगाचा आवाजाशी मात्र थेट संबंध आहे. छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की हवेतच तडाखा ऐकू येतो, आणि त्यावर कोणतीही गोधडी चालत नाही, कारण तो आवाज वाटभर निर्माण होत असतो. थंडीतल्या पहाटे, पारा १२ अंशांवर असताना, ध्वनीचा वेग सेकंदाला ३३९ मीटरच्या आसपास असतो आणि नवतप्यात ४५ अंशांना तो ३५८ पर्यंत चढतो. १७० मीटरवाला दोन्ही ऋतूंत त्यापासून दूर राहतो. हजार फुटांच्या बंदुकीत हलका छर्रा घातलात तर डिसेंबरातल्या सकाळी सगळी गल्ली जागी होईल.

हिंगणा शिवार

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या शेतातल्या घरी वानरांनी आणि पोपटांनी उच्छाद मांडला आहे. अशा कमी शक्तीच्या बंदुकीने नुसते घाबरवले तर चालेल ना?

कागदपत्रे

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वानर आणि पोपट दोन्ही संरक्षित आहेत आणि त्यांना जखमी करणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. कुत्रा, पाळीव डुक्कर यांच्याबाबत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. सात ज्यूलचा छर्रा वानराला मारत नाही. तो कातडीखाली अडकतो आणि जखम महिनाभर चिघळते. तुमच्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे, पण त्यासाठी वन विभागाकडे जावे. या धाग्यावर कागदाशिवाय दुसऱ्या कशावर नेम नको.

लोहाओळी

पेटीचे राहिलेच. तिरप्या पत्र्याची पेटी वाईट नाही. पत्रा ४५ अंशांत असला की छर्रा खाली वळून ताटलीत पडतो. पण तिचा ठणठणाट जाणार नाही. तिच्याऐवजी दीड फूट लांब-रुंद आणि वीतभर खोल अशी लाकडी खोकी घ्या. तळाला तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, त्यापुढे रबराचा भुगा ठासून भरलेला, आणि तोंडाला जुन्या सायकलच्या किंवा स्कूटरच्या ट्यूबचे कापलेले पडदे. भुगा वाडी भागातल्या, ट्रकचे टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानांत मिळतो. टायर घासताना निघालेला तो कचराच असतो, पोत्याने देतात. माझ्याकडच्या खोक्यात छर्रा पहिल्या दोन-तीन इंचांतच थांबलेला सापडतो. एकाच जागी मार बसून भुग्यात पोकळी होते, म्हणून दर शे-दोनशे छर्र्यांनंतर खोका हलवून भुगा पुन्हा दाबावा. हा आळस केला की एक दिवस मागच्या पत्र्याचा ठण्ण आवाज येतो, आणि तो आला की समजावे.

रेती भरू नका. ती थांबवते खरी, पण प्रत्येक छर्र्याबरोबर धूळ उडते आणि त्या धुळीत शिसे असते.

निवृत्त फिटर

खोक्याचे पाय भिंतीला टेकू देऊ नका आणि पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. सांदवाडीविषयी आणखी एक गोष्ट. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोन समांतर भिंतींमध्ये तो तसा उतरत नाही, त्या भिंती त्याला एकमेकींकडे टोलवत राहतात. बंदूक धरायच्या जागी दोन्ही भिंतींवर काहीतरी मऊ आणि खडबडीत टांगले पाहिजे. आपल्या शहरात त्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. दर उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या बदलतात. त्या जुन्या ताट्या वाळवून ठोका. वाळलेले गवत पेट घेते, म्हणून जवळ उदबत्ती किंवा शेगडी नको. काथ्याच्या जुन्या चटया मिळाल्या तर त्याहून बऱ्या.

नळीच्या तोंडाला आवाज कमी करणारी नळकांडी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अग्निशस्त्रांसाठी अशा जोडण्यांवर कडक बंधन आहे, आणि सात ज्यूलच्या स्प्रिंगच्या बंदुकीत नळीच्या तोंडाचा आवाज मुळात किरकोळ असतो.

एका आईचा प्रश्न

शिशाविषयी कोणी नीट सांगेल का? आमच्याकडे चार वर्षांचा धाकटा आहे आणि सांदवाडीच्या टोकाशी मी मेथी-पालक लावते.

दहा पूर्णांक नऊ

मेथी तिथून हलवा, हे पहिले. पुढे-मागे पडलेले छर्रे मातीत वर्षानुवर्षे राहतात. लक्ष्याच्या खाली जुनी ताडपत्री अंथरा, सराव संपल्यावर ती ओल्या फडक्याने पुसा आणि फडके घरातल्या कपड्यांत धुऊ नका. झाडू मारू नका, झाडूने धूळ उडते. सराव चालू असताना खाणेपिणे नाही आणि छर्रा तोंडात धरायची सवय असेल तर ती आजच मोडा. सरावानंतर साबणाने हात, मगच पोहे. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, त्यामुळे धाकट्याला त्या भागात येऊच देऊ नका. खोक्यात साठलेले शिसे भंगारवाल्याला द्यावे. ते ३२७ अंशांना वितळते म्हणून घरीच गॅसवर वितळवणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

आणि सांदवाडीकर, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आता सांगतो. घरच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस छर्राच वापरू नका. उभे राहण्याची पद्धत, श्वास, रायफल खांद्याला लावणे, ठिपक्यावर दहा सेकंद स्थिर राहणे आणि खाली घेणे, हे सर्व छर्र्याशिवाय होते. चांगले नेमबाज त्यावर तासन्‌तास घालवतात. अभिनव बिंद्राच्या वडिलांनी त्याच्यासाठी घरीच रेंज बांधली, हे सर्वांना माहीत असते. पण घरच्या रेंजचा खरा उपयोग छर्रे मोजण्यात नसून रोज त्याच जागी उभे राहता येण्यात असतो. फक्त स्प्रिंगची बंदूक छर्र्याशिवाय सोडायची नाही. पुढे हवेचा अडसर नसल्याने दट्ट्या मोकळा जाऊन आपटतो आणि बंदूक खराब होते. स्प्रिंग न ताणता नुसते धरण्याचा सराव करावा.

सांदवाडीकर

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

दोन्ही चौकटी उभ्या आहेत. झरोका वीस बाय तीस सेंटिमीटरांचा, तीन मीटरवर. अँगल लोहाओळीच्या बाजारातून आणले आणि वेल्डिंग घरीच करून घेतले. वेल्डरने विचारले की मोराचा पिंजरा आहे का. सराव सुरू करण्यापूर्वी मी स्वतः लेसरच्या पेनाने झरोक्यातून प्रत्येक कोपऱ्यात किरण टाकून पाहिला, तोही संध्याकाळी अंधार पडल्यावर. एकही ठिपका मागच्या प्लायबाहेर गेला नाही. फिटरसाहेबांचे गणित बरोबर आहे.

एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे, कारण त्याचा विचार आपण कोणीच केला नव्हता. दुसऱ्या रविवारी सराव चालू असताना गल्लीतल्या पोरांचा टेनिस बॉल बाजूच्या भिंतीवरून सांदवाडीत पडला आणि पाठोपाठ एक पोरगा भिंतीवर चढला. सुदैवाने मुलगी तेव्हा कागद बदलण्याची वाट पाहत होती आणि बंदुकीची नळी मोडलेली होती. त्यानंतर आम्ही नियम केला आहे. फाटकाला कुलूप, सांदवाडीत उघडणाऱ्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी, भिंतीवर दोन्ही टोकांना लाल फडके, आणि कोणाच्याही तोंडून "थांब" निघाले की कारण न विचारता बंदूक खाली. पुढे कागदापाशी जायचे असेल तेव्हा नळी उघडी आणि तिच्यात गवत कापायच्या यंत्राची केशरी नायलॉन दोरी आरपार घातलेली असते, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. मी किंवा पत्नी शेजारी नसू तर सराव नाही, आणि बंदूक व छर्रे यांच्या कपाटांच्या किल्ल्या वेगळ्या. गल्लीतल्या पोरांना बोलावून हे सर्व दाखवले. आता बॉल आला की ते बाहेरून हाक मारतात.

लोहाओळी

आजी?

सांदवाडीकर

मुलीला घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. बंदूक आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि खरे तर हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. दहा मिनिटे त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी मला दाखव काय काय केलं ते." त्यांनी सांदवाडीत येऊन दोन्ही चौकटी हाताने ढकलून पाहिल्या, खोक्यात बोट घालून भुगा पाहिला आणि माघारी जाऊन स्वयंपाकघरात बसल्या. मुलीने वीस छर्रे मारले. आजींनी पाटीवर खडूने रेघा ओढल्या होत्या, त्या सात निघाल्या. त्यांतल्या तीन, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, शेवग्याच्या शेंगा पत्र्यावर पडल्याच्या असाव्यात. हे सर्व कूलर बंद ठेवून.

वेळ त्यांनीच ठरवून दिली आहे: सकाळी साडेसहा ते साडेसात, गुरुवार सोडून.

निवृत्त फिटर

गुरुवारी काय असते?

सांदवाडीकर

गुरुवारी त्या सकाळी पोथी वाचतात. पाऊस सुरू झाला की प्लायच्या कडांना रंगाचा दुसरा हात द्यायचा आहे. तेव्हा कोणता रंग टिकतो ते विचारायला पुन्हा येईन.